डावा समास

४ जानेवारी

चि. टिंब्यास,

आशीर्वाद. हे पत्र वाचून झालं की बायकोला दाखव आणि मग कपाटात नीट ठेवून दे, इकडेतिकडे टाकू नकोस. ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून मी हल्ली कोणाला चार ओळीसुद्धा पाठवत नाही. कोण वाचत बसलंय काय माहीत. आणि फोनचं तर नावच नको. छपाईयंत्रांच्या धडधडाटात तुझे कान गेले, म्हणजे मी इथून ओरडणार आणि तुझ्याआधी माझे शेजारी ऐकणार.

आमच्या प्रयोगशाळेत जावई आलाय. हसू नकोस, मी खरंच सांगतेय. एकतीस वर्षं मी एकच काम केलं, ते तुला माहीत आहे. बायकांच्या कर्करोगाच्या तपासणीच्या स्लाइड मायक्रोस्कोपखाली घ्यायच्या, हजारो चांगल्या पेशींत एखादी बिघडलेली दडली असेल तर हुडकायची आणि तिच्याशेजारी शाईचा ठिपका द्यायचा. माझा ठिपका असेल तर मोठे डॉक्टर बघतात. नसेल तर ती बाई निर्धास्त घरी जाते.

आता मायक्रोस्कोप कपाटात गेले. स्लाइडचे फोटो निघतात, मी ते पडद्यावर बघून खूण करते. तेच फोटो शेजारच्या खोलीत एक यंत्र बघतं. कृत्रिम बुद्धी म्हणतात ती. त्या खोलीला एसी, दाराला पडदा, आणि आसपास कोणी मोठ्याने बोलायचं नाही. म्हणून मी त्याला जावई म्हणते. त्याची सरबराई करायला एक पोरगी नेमली आहे, तिला सगळे यंत्रवाली म्हणतात. आणि हा शिकला कोणाकडून ठाऊक आहे? माझ्याकडून. माझ्या जुन्या वीस वर्षांच्या ठिपक्यांवर त्याला घोटून घोटून तयार केलाय.

तर गेले तीन महिने असं चाललंय. सकाळी साहेब बोलावतात. आमचे साहेब म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख डॉक्टर, माणूस वाईट नाही. ते कालचा फोटो पुढे ठेवतात. त्यावर जावयाने लाल गोल काढलेला असतो आणि गोलात बिघडलेली पेशी, चांगली ढळढळीत. मी ती सोडलेली. टिंब्या, तुझी शपथ घेऊन सांगते, काल ती तिथे नव्हती.

डोळे तपासून आले. डॉक्टरने शेवटची बारीक ओळ वाचायला लावली, मी घडाघडा वाचली. म्हणजे डोळ्यांत काही नाही. मग कशात आहे? वीस फेब्रुवारीला माझ्या चुकांवर बैठक ठेवली आहे. मी खुर्चीत राहायचं की कपाटातल्या बाटल्या पुसायच्या, ते तिथे ठरणार. निवृत्तीला दोनच वर्षं राहिली, आणि कोणीतरी एवढी कळ काढायला तयार नाही.

तू माणसांच्या चुका शोधून पोट भरलंस. तूच सांग, इथे कुठेतरी पाणी मुरतंय की नाही?

तुझी,
ताई


१२ जानेवारी

ताईस साष्टांग नमस्कार, आणि जावईबापूंना दुरूनच रामराम.

पत्र दोनदा वाचलं. बायकोने तिसऱ्यांदा मोठ्याने वाचून दाखवलं, कारण तिला दुसरा उद्योग नाही. पायरीवरून घसरून पाय मोडून घेतलाय, मांडीपर्यंत प्लास्टर. दीड महिना मी स्वयंपाकी, धोबी आणि शिव्या खाणारा असा तिन्ही पदांवर आहे. नाहीतर हे पत्र न लिहिता गाडीत बसून आलो असतो.

तुझ्या म्हणण्यात तथ्य आहे. आमच्या छापखान्यात नवा मालक आला तेव्हा जुन्या माणसांच्या चुका अशाच अचानक वाढल्या होत्या. मी तपासून दिलेल्या प्रूफात नंतर चुका निघायला लागल्या. मग मी माझ्या प्रत्येक प्रूफाची झेरॉक्स घरी आणायला लागलो, आणि काय आश्चर्य, चुका बंद! तेव्हा तू पण कागद हातात ठेव. जावयाने गोल काढलेले ते फोटो छापून मिळतात का बघ. मिळाले तर इकडे पाठव. काचेखाली दिवा असलेलं माझं लाइट टेबल अजून शाबूत आहे, भिंगही आहे. कोणी पेशी मागाहून चिकटवली असेल तर तिची कड मला दिसल्याशिवाय राहायची नाही. चार रंगांच्या फिल्म एकावर एक जुळवण्यात हयात गेली आहे.

एक युक्ती सांगून ठेवतो. प्रूफ वाचून वाचून डोळे सरावले की मी पान उलटं धरतो, डोकं खाली पाय वर. वाचता येत नाही म्हणून नुसतं दिसतं. तुझ्या पडद्यावर चित्र उलटं करता आलं तर करून बघ.

आणि एक तक्रार. पत्राला डावीकडे केवढा समास सोडतेस! आमच्याकडे कोणी असं पान लावलं असतं तर कागदाची नासाडी केली म्हणून मालकाने हाकलून दिलं असतं. आमच्या ताईने लहानपणी माझ्या वहीतल्या कोऱ्या जागेवरून मला किती बदडलंय, आणि आता बघा थाट.

तुझा,
टिंब्या


२० जानेवारी

चि. टिंब्यास,

समासाचं कौतुक पुरे. जिवावर बेतलंय आणि याला कागदाची पडली आहे.

सोबतच्या पाकिटात एकेचाळीस फोटो आहेत. कसे मिळवले ते विचारू नकोस. झेरॉक्सवाल्या माणसाला मी त्याच्या बायकोच्या तपासणीच्या वेळी धीर दिला होता, तेवढं पुरलं.

तुला आणखी पुरावा सांगते. परवा मी स्लाइडच्या भांडारात गेले, तिथल्या बाईला गोड बोलून एक जुनी स्लाइड काढून घेतली आणि कपाटातला माझा मायक्रोस्कोप लावला. सावकाश सरकवत बघितली. पाचव्या मिनिटाला पेशी सापडली! जावयाने गोल केलेली तीच. आता मला सांग, माझ्या नजरेत खोट असती तर मायक्रोस्कोपमध्ये तरी कशी दिसली असती? म्हणजे काचेवर पेशी आहे. ती माझ्या पडद्यावर येऊ देत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर आणतात. समजलं? चिकटवत नाहीत. लपवतात.

इतरही बारीकसारीक चाललंय. शिपाई चहा ठेवून जातो आणि सांगतसुद्धा नाही. मी वाट बघत बसते, तासाभराने कोणीतरी म्हणतं, ताई, तुमचा चहा गार झाला. ठेवलेला असतो कुठे तर कोपरापाशी. टेबलं सरकवतात. माझ्या टेबलाशेजारचं फायलींचं कपाट एक दिवस आत असतं, एक दिवस बाहेर, डाव्या कोपराला तीनदा लागलं, काळंनिळं झालंय. यंत्रवाली मात्र दिवसभर माझ्याकडे बघत बसते. मी मान वळवली की ती वहीत काहीतरी लिहिते. काल मी सरळ विचारलं, काय गं, माझं चित्र काढतेस का? तर गोरीमोरी झाली.

बैठकीला एक महिना राहिला. मी बाटल्या पुसणार नाही, टिंब्या. मला दुसरं काही येत नाही आणि यायला नको आहे. घरी कोण आहे माझं? ती खुर्ची आहे.

ताई


२८ जानेवारी

ताईस नमस्कार,

पकडला! जावयाला रंगेहाथ पकडला. थांब, पहिल्यापासून सांगतो.

आधी मी भिंगाने एकेक फोटो बघितला. जोडकाम नाही, चिकटवाचिकटवी नाही. मी निराश झालो. मग आठवलं, छापखान्यात एखाद्या पानावर डाग उठला की आम्ही शंभर पानं एकावर एक ठेवून बघतो. डाग प्रत्येक पानावर त्याच जागी असेल तर दोष कागदाचा नाही, यंत्राचा. म्हणून मी लाइट टेबलावर ट्रेसिंग पेपर पसरला. त्याखाली तुझे फोटो एकेक करून चारी कोपरे जुळवून ठेवले आणि जावयाच्या प्रत्येक गोलाच्या जागी लाल पेन्सिलने ठिपका दिला.

एकेचाळीस ठिपके, ताई. आणि सगळे चित्राच्या डाव्या अर्ध्या भागात! उजवीकडे चुकून एकही नाही. बायकोला दाखवलं, ती पण उठून बसली.

आता माझं म्हणणं ऐक. मी चाळीस वर्षं चुका बघतोय. माणसाची चूक पानावर कुठेही पडते. वर पडते, खाली पडते, झोप आली असेल तर शेवटी शेवटी जास्त पडतात. पण एकाच बाजूला, तेही एकेचाळीस वेळा? असं माणूस चुकत नाही. हे कोणीतरी ठरवून केलेलं आहे. तुझ्या पडद्याची डावी बाजू ते झाकतात, दुसऱ्या दिवशी उघडतात, झालं काम.

ट्रेसिंग माझ्याकडे जपून ठेवलंय, त्याची प्रत सोबत आहे. बैठकीत टेबलावर आपट आणि विचार, बोला आता.

तुझा पराक्रमी,
टिंब्या


३ फेब्रुवारी

चि. टिंब्यास, शंभर वर्षांचा हो.

तुझं पत्र उघडलं आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून रडले. किती दिवसांनी कोणीतरी म्हणालं की ताई, तू खरी आहेस.

तक्रार लिहून काढली आहे. चार पानं झाली. पडद्याची डावी बाजू झाकून मला बदनाम केलं असं स्पष्ट लिहिलंय आणि यंत्रवालीचं नाव घातलंय. तिची नोकरी जाईल म्हणे. जाऊ दे. तिने माझी घालवताना विचार केला का? वीस तारखेला सगळ्यांसमोर वाचून दाखवणार आणि तुझं ट्रेसिंग मध्ये ठेवणार. साहेबांचा चेहरा बघायला तू हवा होतास.

काल बऱ्याच दिवसांनी जेवण गोड लागलं. फक्त कामवाली बाई कुरकुरली, ताई, रोज ताटात अर्धं टाकता. मी कुठे टाकते? ही पण त्यांना सामील झाली की काय, असं एक क्षण वाटून गेलं. बघ, माझी काय दशा केली आहे या लोकांनी.

ताई


८ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र मी कुरिअरने पाठवतोय. उभ्याने वाचू नकोस. बस आणि वाच.

तुझं पत्र आलं ते मी बायकोला वाचायला दिलं. तिने कागद हातात धरला आणि म्हणाली, अहो, वन्संच्या पत्राची अर्धी बाजू उंदराने खाल्ली का? मी हसलो. मग हसू थांबलं. ओळी कागदाच्या मध्यावरून सुरू होतात, ताई. पहिली ओळ जरा अलीकडून, शेवटची फार पलीकडून. डावीकडे सगळं कोरं.

मी तुझी जुनी पत्रं काढली. सगळी डब्यात आहेत. फूटपट्टी घेऊन बसलो. दोन वर्षांपूर्वी समास बोटभर. गेल्या उन्हाळ्यात तीन बोटं. या जानेवारीत मी ज्याची थट्टा केली तो चार बोटं. आणि हे शेवटचं पत्र अर्ध्या कागदावर आहे.

मग मी तुझं पत्र लाइट टेबलावर ठेवलं आणि त्यावर ते ट्रेसिंग पसरलं. का केलं मला माहीत नाही, हाताला सवय आहे. एकेचाळीस लाल ठिपके बरोब्बर तुझ्या कोऱ्या जागेत पडले.

ताई, तुझ्या पत्रावर कोणी पडदा टाकलेला नाही. ते तू तुझ्या स्वयंपाकघरात एकटीने लिहिलंस. चहा डावीकडे असतो. कोपर डावं आहे. ताटातलं अर्धं कुठलं उरतं ते बाईला विचार. मी गाढव आहे, मागच्या पत्रात मीच तुला शस्त्र करून दिलं. असं माणूस चुकत नाही म्हणालो. चुकतो, ताई. डोळे धडधाकट असतात आणि तरी डोक्याला एक बाजू उमगतच नाही, असा आजार असतो म्हणे. बायकोच्या प्लास्टरवाल्या डॉक्टरांना मी विचारलं. ते म्हणाले, आजच्या आज मेंदूचा फोटो काढायला सांगा.

मायक्रोस्कोपमध्ये पेशी दिसली, कारण स्लाइड तू सरकवतेस, मग डावीकडचं उजवीकडे येतं. पडद्यावरचं चित्र जागचं हलत नाही.

ती तक्रार वाचू नकोस. पाया पडतो. आधी डॉक्टरकडे जा.

टिंब्या


११ फेब्रुवारी

टिंब्या,

तुला किती दिले त्यांनी? की यंत्रवालीने गोड आवाजात समजावलं? कान गेलेल्या माणसाला गोड आवाज ऐकू आला, नवलच आहे.

आठ दिवसांपूर्वी मी खरी होते. आता माझं डोकं फिरलंय. माझ्या पत्रावर पट्ट्या लावून मोजमापं घेत होतास? मी तुला मनातलं लिहीत होते आणि तू समास मोजत होतास? साहेबांच्या तोंडून हे ऐकलं असतं तर गिळलं असतं. पाठच्या भावाकडून फितुरी होईल असं स्वप्नातही आलं नव्हतं.

मला काहीही झालेलं नाही. वीस तारखेला मी वाचणार म्हणजे वाचणार. पुन्हा लिहू नकोस.


१४ फेब्रुवारी

ताई,

लिहिणार. हवं तर न वाचता जाळ, पण सोबतचा कागद जाळू नकोस.

त्यावर मी एक आडवी रेघ मारली आहे, या कडेपासून त्या कडेपर्यंत. दार लावून घे. रेघेच्या बरोब्बर मध्यावर तुझ्या शाईचा ठिपका दे. एकतीस वर्षं ठिपके दिलेत, हाही दे. मग कागदाची कडेला कड जुळवून मधोमध घडी घाल, आणि घडी कुठे आली ते बघ.

त्या खोलीत यंत्र नसेल, पडदा नसेल, ती पोरगी नसेल. मीही नसेन. माझ्यावर संशय आहे ना? मग माझी रेघ वापरू नकोस. स्वतःच्या घरातला कागद घे, रेघ तू मार.

घडी ठिपक्यावर आली तर मी खोटा. मग आयुष्यात पुन्हा तोंड दाखवणार नाही. तरी एकोणीस तारखेला मी तिकडे येतोय. बायकोची बहीण आठवडाभर इथे राहायला येते आहे. दार उघडलं नाहीस तर पायरीवर बसेन.

टिंब्या


१७ फेब्रुवारी

टिंब्या,

तुझा कागद मी टाकून दिला. तुझ्यावर विश्वास नव्हताच. कपाटातून माझ्या हिशेबाच्या वहीचं पान फाडलं, दाराला कडी लावली, खिडकीही लावली. पट्टीने रेघ मारली. ठिपका दिला. एवढी काळजी मी कधी कुठल्या ठिपक्याची घेतली नसेल. डोळे मिटून उघडले, पुन्हा बघितलं. मध्यावर होता. तुझी शपथ, मध्यावर होता.

मग घडी घातली.

घडी ठिपक्याच्या तीन बोटं अलीकडे आली.

मला वाटलं कडा जुळल्या नसतील. पुन्हा जुळवल्या, बोटाने चाचपून. दुसरं पान फाडलं, तिसरं फाडलं. सात पानं झाली. सातही वेळा ठिपका उजवीकडे पळालेला. मी पलंगावर बसले आणि खोलीत सगळीकडे बघितलं, कोणी आहे का. संशय घ्यायला कोणीच नव्हतं रे. मीच एकटी होते.

भीती वाटते आहे. हे मी तुलाच सांगते आहे. आणि सगळ्यात मोठी भीती बाटल्यांची नाही. त्या एकेचाळीस बायकांची आहे. जावई शेजारच्या खोलीत नसता तर त्या सगळ्या निर्धास्त घरी गेल्या असत्या, माझ्या भरवशावर.

तक्रारीची चारही पानं फाडली. दार उघडं आहे. ये.

ताई


५ मार्च

चि. टिंब्यास,

तू गाडीत बसलास आणि घर एकदम मोठं झालं. तुझा एक मोजा पलंगाखाली राहिलाय.

तू वीस तारखेला माझ्याबरोबर बैठकीला आलास, पण दाराबाहेर बसलास, आणि आतलं अर्धंमुर्धंच मी तुला ओरडून सांगितलं. उरलेलं आता लिहिते. मी उठले आणि म्हणाले, चुका माझ्या आहेत, बहुतेक मी आजारी आहे. मग साहेब खाली मान घालून म्हणाले, ताई, आम्हाला वेगळंच वाटत होतं. यंत्रवालीने दोन महिन्यांपूर्वीच त्यांना वही दाखवली होती, ताई फक्त डाव्या बाजूचं सोडतात म्हणून. आणि त्या सगळ्या शहाण्यांनी काय अर्थ काढला? की मी मुद्दाम सोडते! यंत्र बंद पडावं म्हणून ताई अर्धं चित्र बघतच नाहीत. बैठक त्यासाठी होती. मला काढायचं ठरलंच होतं. मी त्यांच्यावर संशय घेत होते, ते माझ्यावर, आणि खरा चोर माझ्या डोक्यात पाय पसरून बसला होता.

यंत्रवाली बैठकीनंतर माझ्यामागे आली आणि रडायला लागली. मला म्हणाली, जावयाला शिकवताना मी तुमचे इतके ठिपके बघितले, की मला तुमची नजर पाठ झाली होती. हल्लीचे ठिपके तुमचे वाटायचेच नाहीत, तरी मी तोंड उघडून विचारलं नाही. मी तिला जवळ घेतलं. तिचं नाव घालून तक्रार लिहिली होती हे मात्र सांगितलं नाही. तूही कुठे बोलू नकोस.

काल मेंदूचा फोटो मिळाला. डॉक्टर पाकीट उघडायच्या आतच मी म्हटलं, थांबा, मला बघू दे. एकतीस वर्षं दुसऱ्यांचे आजार शोधले, माझा मला शोधू दे. त्यांनी दिव्याच्या पाटीवर फोटो लावला. मी नीट बघितलं, वरून खाली, या कडेपासून त्या कडेपर्यंत. स्वच्छ होता. मी म्हणाले, डॉक्टर, काही नाही यात! इतका आनंद झाला, टिंब्या. डॉक्टर काही बोलले नाहीत. ते बोलले नाहीत म्हणून मला तुझी प्रुफं आठवली. मी फोटो पाटीवरून ओढून काढला आणि उलटा लावला, डोकं खाली पाय वर.

ती तिथे होती. लिंबाएवढी, पांढरी, गोल. मी जन्मात इतकी स्पष्ट गोष्ट बघितली नसेल. डॉक्टरांचं पेन मागितलं आणि तिच्याशेजारी ठिपका दिला.

गाठ साधी आहे, हळू वाढणारी, निघेल असं म्हणतात. बारा तारखेला शस्त्रक्रिया. बायको कुबड्या घेऊन चालायला लागली असेल तर दोघं या. नसेल तर तू ये. मला एकटीने जायचं नाही.

ताई


२१ एप्रिल

चि. टिंब्यास,

तुम्ही दोघं परत गेल्यापासून हे पहिलं पत्र. डोक्यावर केस यायला लागलेत, ब्रशसारखे. यंत्रवाली रविवारी येते, फोटो आणते, जावयाचे गोल झाकून मला बघायला लावते. काल दहापैकी सात मी पकडल्या. उरलेल्या तिन्ही डावीकडच्या. साहेब म्हणतात घाई नाही, खुर्ची तुमचीच आहे. माझा पूर्ण विश्वास अजून बसलेला नाही, पण चहा आता ते उजवीकडे ठेवतात.

लिहिताना मी डावा हात कागदाच्या कडेवर ठेवते आणि प्रत्येक ओळ बोटाला लागूनच सुरू करते. बोट मी स्वतः बघून ठेवलंय, तरी ते खरंच कडेवर आहे की नाही हे मला इथून सांगता येत नाही.

फूटपट्टी घे, समास मोज आणि कळव. बोटभर असेल तर बोटभर सांग, वीतभर असेल तर वीतभर. मला बरं वाटावं म्हणून कमी सांगू नकोस. खरं तर तू मोजूच नकोस, बायकोला मोजू दे.

तुझी,
ताई